बोंबलाच्या धुरातलं स्टूल

डबा भरलेलाच परत आला. माझा नवरा पास्कोल चपला न काढताच आत आला, डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता वर बघितलं, गॅसच्या वरच्या फळीकडे, जिथे मार्सेलचं स्टूल ठेवलेलं आहे. मग तो बाहेर जाऊन टाकीच्या नळाखाली तोंड धूत राहिला. उन्हाळ्यात इकडे नळाचं पाणी इतकं तापलेलं असतं की दुपारी कुणी त्याने तोंड धूत नाही. मी डब्याचं झाकण काढलं. पेज तशीच होती, वर साय धरलेली. वरच्या खणात कागदात गुंडाळलेले दोन भाजके बोंबील. इस्पितळात असलं काही चालत नाही हे मला ठाऊक होतं, पण आदल्या दिवशी मार्सेलने पास्कोलजवळ निरोप दिला होता, "दीदी को बोलना, सूखा मच्छी भेजो. खाएगा नहीं, खाली सूंघेगा." पास्कोल आत आला तेव्हा त्याच्या शर्टाचा पुढचा भाग सगळा ओला होता. "सकाळीच गेला," तो म्हणाला, "मी पोचलो तर खाटेवर चादरसुद्धा बदललेली..."  

त्याला आता काही आठवडे झाले. मार्सेल आमच्या नात्याचा नव्हता, आमच्या देशाचाही नव्हता. तो आफ्रिकेतल्या कॅमेरूनचा, तिथल्या डोंगरांत राहणाऱ्या बामिलेके लोकांतला. आम्ही वसईचे, नंदाखालच्या बाजूचे. भेटलो दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, लाकडी सामानाच्या एका वर्कशॉपमध्ये. पास्कोल तिथली पिकअप चालवतो आणि मी मागच्या खोलीत कामगारांचं जेवण करते. दुबईतल्या हॉटेलांना, रेस्टॉरंटांना लागणारी टेबलं, लाकडी पडदे, स्टुलं इथून जातात. मध्ये आफ्रिकेच्या सामानाची टूम निघाली, तेव्हा मालकाने मार्सेलला कोरीव कामासाठी आणवलं. अंगाने उंच, आवाजाने हळू, भुवयांत कायम लाकडाचा भुसा. जबल अलीच्या कामगारांच्या कॅम्पात, आपल्याकडच्या लोकांत, आधी काही वर्षं काढलेली होती म्हणून हिंदी बोलायचा, आमच्यासारखीच मोडकी. त्यामुळे आमचं छान जमायचं. मी कुणाशी फार बोलत नाही. त्याच्याशी बोलायचे, कारण आमच्या दोघांचीही हिंदी चुकायची आणि कुणी कुणाला हसायचं नाही.

त्याची माझी ओळख बोंबलांमुळे झाली. आमची मुलगी शेरल दुबई मरीनाला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. तिच्या फ्लॅटवर मी एकदाच जवळा परतला होता, तर खालून सिक्युरिटीवाला आला, गॅस लीक झालाय का बघायला. नातू नाक दाबून म्हणाला, "ग्रॅनी, दॅट्स डिस्गस्टिंग." तेव्हापासून मी वर्कशॉपच्या किचनमध्येसुद्धा सुकी मच्छी भाजायची तर दार लावून भाजायची. एके दिवशी अशीच भाजत होते आणि दारावर टकटक झाली. उघडलं तर हा. मला वाटलं तक्रार घेऊन आला. तो उंबऱ्यात डोळे मिटून उभा राहिला आणि छाती भरून वास घेतला. "दीदी," तो म्हणाला, "मेरा माँ का किचन." मग सांगायला लागला, त्यांच्याकडे घराच्या मधोमध चूल असते, तिच्यावर बांबूची मांडणी टांगलेली असते, त्या मांडणीवर मासे सुकत असतात, मका असतो, आणि धुराने सगळं घर आतून काळं, चकचकीत होतं. मी म्हटलं, आमच्याकडे पण तसंच होतं. माझ्या आईच्या चुलीवरही अशीच मांडणी होती, तिच्यावर बोंबील, कांद्याच्या माळा, बियाण्याचा दुधी. "तुम्हारा भी?" "हमारा भी." त्या दिवशी त्याला मी दोन बोंबील आणि भाकरी दिली. त्याने बोंबलाचं डोकंसुद्धा टाकलं नाही. बाहेर पास्कोल हसत होता, "घ्या, एवढा समुद्र ओलांडून हिला माहेरचं माणूस भेटलं."

मार्सेलचं काम काय होतं ते सांगायला हवं. त्याच्या गावात स्टूल म्हणजे नुसतं बसायचं साधन नसतं. एकाच ओंडक्यातून ते कोरायचं. वरची गोल बैठक, खालचं कडं आणि मधली सगळी जाळी एकाच लाकडाची, कुठे खिळा नाही, डिंक नाही, जोड नाही. मधे काय कोरलंय त्यावरून बसणारा कोण ते कळतं. राजाच्या स्टुलाला बिबट्या. मार्सेलचा बाप राजा नव्हता, पण घराण्याचा मुख्य होता, गावच्या बैठकीत त्याची जागा होती, आणि त्याच्या घराण्याच्या स्टुलाला कोळी होते, जाळीत पाय गुंतवून उभे असलेले कोळी. जमिनीत राहणाऱ्या कोळ्याला त्यांच्याकडे फार मान. अडचण आली की बिळापाशी पानं मांडून ठेवतात आणि कोळ्याने ती कशी हलवली त्यावरून उत्तर काढतात. मी म्हटलं, आमच्यात असलं केलं तर फादर रागावतील. "हमारा फादर भी गुस्सा करता है," तो म्हणाला, "फिर बाप चुपचाप पूछता है." ज्याचं स्टूल त्यानेच त्याच्यावर बसायचं. बापाने आपला वारस ठरवला की सगळ्यांसमोर त्याला त्या स्टुलावर बसवायचं, आणि तो उठला की घर त्याचं.

वर्कशॉपमध्ये तो नमुना कोरायचा आणि मग मशीन त्याची नक्कल काढायचं, फळ्या चिकटवून केलेल्या ठोकळ्यांतून. देशमुखसाहेब आमचे मॅनेजर, पुण्याचे, माणूस सभ्य. त्यांनीच एकदा बोट फिरवत विचारलं, "मार्सेल, धिस स्पायडर हॅज सेव्हन लेग्ज. एक पैर किधर गया?" मार्सेल म्हणाला, "डिझाइन, सर." साहेब हसले, म्हणाले, "चालतंय. गिऱ्हाईक काय पाय मोजणारेय?" नंतर मला मार्सेलने सांगितलं, विकायच्या स्टुलाच्या कोळ्याला तो एक पाय मुद्दाम कमी ठेवतो. म्हणजे हॉटेलात कुणीही बसलं, कुणी त्यावर पाय ठेवला, सिगरेट विझवली, तरी ते कुणाच्या बापाचं स्टूल नसतं. शेरलने मला एकदा मरीनाच्या एका रेस्टॉरंटात नेलं होतं. पाण्याकडे तोंड करून ओळीने आमची स्टुलं मांडली होती, काळं पॉलिश मारलेली. एका स्टुलावर एका बाईने आपली पर्स आणि कुत्रं ठेवलं होतं. मी खाली वाकून कोळ्याचे पाय मोजले. शेरल म्हणाली, "मम्मा, प्लीज, लोक बघतायत." सातच होते. मला फार बरं वाटलं.

बापाच्या स्टुलाची गोष्ट त्याने मला बऱ्याच दिवसांनी सांगितली, कांदे चिरता चिरता. तो मला कांदे चिरून द्यायचा, त्याच्या डोळ्यांना ते झोंबायचे नाहीत, म्हणायचा की भुशाने डोळे मेलेत. त्याला इकडे पाठवायचं ठरलं तेव्हा एजंटला द्यायला घरात काही नव्हतं. जुन्या वस्तू विकत घेत गावोगाव फिरणारा एक माणूस मोटार घेऊन आला होता. बापाने आपलं स्टूल त्या मोटारीत ठेवून दिलं. मुलाला सांगितलं नाही. मार्सेल पहिल्या सुट्टीला घरी गेला तेव्हा गावची बैठक होती. सगळे म्हातारे आपापल्या स्टुलावर, जमिनीजवळ बसलेले, आणि त्यांच्यात त्याचा बाप पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. "खुर्ची ऊंचा है, दीदी," तो म्हणाला, "सब का सर नीचे, मेरा बाप का सर ऊपर. और सब लोग नीचे देखता है. उसको कोई नहीं देखता." एवढं बोलून तो पुन्हा कांद्याला लागला. मी त्याला म्हटलं, तू कोरून दे की एक. तो म्हणाला, कोरायला घेतलंय.

ते पहिलं स्टूल फुटलं. कोरायचं ते ओल्या लाकडात, मग ते हळूहळू सुकवायचं, त्यांच्याकडे चुलीवरच्या धुरात, कितीतरी महिने. इथे बाहेर ठेवलं तर ऊन जाळतं आणि आत ठेवलं तर एसी सगळं पाणी शोषून घेतो. त्याने गोदामात ठेवलं होतं. एके सकाळी आत गेला तर बैठकीला काठापासून मधोमध चीर गेलेली, बोट जाईल एवढी. डिंक भरून बुजवता आली असती, पास्कोलने तसं सांगितलंसुद्धा. मार्सेलने कुऱ्हाड घेतली आणि तिथेच त्याचे तुकडे केले. ते तुकडे त्याने माझ्याकडे आणून दिले, जळणाला. माझ्याकडे गॅस, मी जळण काय करू? तरी घेतले. पोत्यात घालून दाराआड ठेवून दिले.

मग रस्ता रुंद करताना एक जुना कडुनिंब पाडला गेला. पास्कोलने जाता-येता बघितला होता. मुकादमाला दोन गोड शब्द बोलून, "हबीबी, हे तुम्ही नाहीतरी फेकणारच" असं म्हणून, त्याने बुंध्याचा एक ओंडका पिकअपमध्ये घालून आणला. मार्सेलने त्याला हात लावला, जीभ लावली, आणि कडू लागल्यावर खूश झाला. किडा लागणार नाही म्हणाला. पुढे सुट्टीचा प्रत्येक दिवस तो त्या ओंडक्यापाशी. मशीन नाही, घरून आणलेली वाकडी तासणी आणि सुरी. कोळी कोरून झाले तेव्हा मला बोलावून म्हणाला, "गिनो." मी मोजले. आठ. सगळ्यांचे आठ. नंतर ते स्टूल ओल्या गोणपाटात गुंडाळून, दोन्ही हातांवर घेऊन तो माझ्या किचनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दीदी, तुम्हारा मच्छी के ऊपर रखेगा?" मला आधी कळलंच नाही. मग त्याने गॅसच्या वरची फळी दाखवली, जिथे मी रिकामे डबे ठेवायची. चुलीचा धूर इथे नव्हता, पण माझ्या तव्याचा होता. त्याच्या बापाच्या जुन्या स्टुलाला धुराचा, सुक्या माशांचा वास यायचा. ह्यालाही तसाच यायला हवा होता. मी डबे खाली काढले.

तेव्हापासून ते तिथे आहे. रोज मी त्याच्याखाली फोडण्या दिल्या, बांगडे तळले, बोंबील भाजले. दर सुट्टीला मार्सेल यायचा, माझ्याकडचं खोबरेल तळहातावर घेऊन त्याला चोळायचा, थोडं फिरवून ठेवायचा, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखा धूर लागावा. आणि रोज सकाळी चहाला आला की कान जवळ नेऊन बोटाच्या नखाने बैठकीवर एक टिचकी. ओल्या लाकडाचा आवाज आतल्या आत बसतो, सुकल्यावर तो खणखणीत बाहेर येतो. पास्कोल चेष्टा करायचा, "काय डॉक्टर, पेशंट काय म्हणतो?" मार्सेल मान हलवायचा, "अभी नहीं." आम्हाला सगळ्यांना त्याची सवय झाली होती. चहा, टिचकी, अभी नहीं.

खोकला केव्हा सुरू झाला ते सांगता येत नाही. भुशात काम करणारे सगळेच खोकतात. पण त्याचा खोकला खालून यायचा आणि खोकून झालं की तो भिंतीला धरून उभा राहायचा. गाल बसले. भाकरी अर्धी ठेवायला लागला. मी आलं, मिरी घालून काढा द्यायचे, तो मुकाट्याने प्यायचा. डॉक्टरकडे जा म्हटलं तर हसायचा. व्हिसा पुन्हा करायची वेळ जवळ आली होती आणि त्यासाठी छातीचा फोटो काढतात. फोटोत काही दिसलं तर माणसाला घरी पाठवतात. पास्कोल एकदा चिडलाच. माझ्यासमोरच त्याला म्हणाला, "अरे, घर भेजेगा तो अच्छा है ना! जा ना घर! बाप को बेटा चाहिए के लकडी चाहिए?" मार्सेलने वर फळीकडे बघितलं. "अभी कच्चा है," तो म्हणाला, "प्लेन में ले जाएगा, उधर जाके फटेगा. बाप के सामने फटेगा." पास्कोल म्हणाला, "आणि तू फाटलास तर?" हे तो मराठीत म्हणाला. मार्सेलने माझ्याकडे बघितलं, काय म्हणाला म्हणून. मी चहा ओतत राहिले... पण त्याला कळलं असावं. चहाचा कप ठेवून त्याने नेहमीची टिचकी मारली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ कान लावून उभा राहिला आणि कामावर गेला.

एका दुपारी तो पॉलिशच्या शेडमध्ये खाली बसला तो उठलाच नाही. पास्कोलने आणि आणखी एकाने त्याला पिकअपमध्ये घातलं. मी पुढच्या सीटवर त्याचं डोकं धरून बसले होते. तोंडातून येत होतं ते मी माझ्या ओढणीने पुसत होते आणि तो मला सारखं काहीतरी त्याच्या भाषेत सांगत होता. ते काय होतं ते आता कळायचं नाही. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. छातीत पाणी झालं होतं, आणि फुप्फुसं कधीची निकामी होत आली होती. त्यानंतर तो थोडे दिवस होता. एकालाच आत सोडायचे, म्हणून पास्कोल जायचा. आला की मी विचारायचे काय म्हणाला, आणि रोज एकच उत्तर, "स्टूल फिरवलं का विचारत होता."

गेल्यावर त्याला घरी पाठवायचं म्हणजे कागदपत्रं, शिक्के, आठवडेच्या आठवडे. शेरलने त्याच्या बहिणीला फोन लावला. बहीण इंग्रजी बोलते, बाप फक्त त्यांची भाषा. बाप सांगायचा, बहीण इंग्रजीत सांगायची, शेरल मला मराठीत. मी चौथी शिकलेली, माझ्याजवळ यायला त्या शब्दांना इतका लांबचा प्रवास. बापाने पहिलं विचारलं, तो आत्ता कुठे आहे? शेरलने सांगितलं, इस्पितळात, थंड खणात ठेवलाय.  मग म्हातारा काहीतरी मोठ्याने बोलला आणि शेरलचा आवाज बदलला. "मम्मा, ते म्हणतायत, त्याला थंडीत ठेवू नका. मातीत ठेवा. कुठलीही माती चालेल." आणि त्यातली मूठभर काढून ठेवा, असंही. त्यांच्याकडे पूर्वजांसाठी घरात जागा असते. देह मिळाला नाही तर जिथे तो आहे तिथली माती तिथे ठेवतात.

मातीला आम्ही दहा-बारा माणसं असू. फादर, वर्कशॉपचे लोक, चर्चमधल्या त्यांच्याकडच्या दोन बायका. त्या बायकांनी त्यांचं गाणं म्हटलं, आम्हाला त्यातलं फक्त 'येझू' कळलं. जमीन म्हणजे नुसती रेती. पेटी खाली सोडल्यावर बाजूची रेती घसरून आपोआपच आत पडायला लागली. मी बाटलीमसाल्याची एक रिकामी बाटली धुऊन नेली होती, तिच्यात मूठभर भरली. कितीही धुतली तरी त्या बाटलीचा मसाल्याचा वास गेला नव्हता. ती मी फळीवर स्टुलाजवळ ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी देशमुखसाहेब किचनमध्ये आले. ते कधी आत येत नाहीत. टोपाचं झाकण उघडून बघितलं, बंद केलं. म्हणाले, "रोझीताई, ते वरचं स्टूल जरा खाली काढून पुसून ठेवा. मरीनाच्या रेस्टॉरंटच्या मॅडम उद्या येतायत. त्यांना एक खरं हाताचं पाहिजे, एंट्रन्सला ठेवायला."

मी म्हटलं, "ते त्याच्या बापाचं आहे."

"मला माहीत नाही का?" ते म्हणाले. "पण वरच्यांना मी काय सांगू? ओंडका कंपनीच्या गाडीतून आला, शेड कंपनीची. मार्सेल आता काही बोलायला नाही... आणि ऑर्डर गेली तर खलास, मलाच विचारतील."

"तो सुट्टीच्या दिवशी करायचा, साहेब."

"हो हो," ते म्हणाले, आणि निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला भांडता येत नाही.  रात्रीचं जेवण मी वाढलं, भांडी घासली आणि पास्कोलला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची भाकरी झाल्यावर मी तवा गॅसवरच ठेवला आणि बरणीतले सगळे बोंबील काढले. एकेक करून भाजायला लागले, जळेपर्यंत. ते संपले तेव्हा जवळा टाकला. मग सुकटीचं पाकीट फोडलं. पास्कोल दार ढकलून आत आला आणि खोकायला लागला. "अगं, काय लग्न काढलंयस का घरात?" मी वर बघितलं नाही. तो फळीवरच्या स्टुलाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने हात वर करून एक्झॉस्ट फॅन बंद केला, खिडकी लावली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. धूर फळीपर्यंत गेला, फळीवर गोळा झाला, स्टुलाच्या जाळीतून आत शिरायला लागला. कोळ्यांचे पाय दिसेनासे झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नुसत्या धुराचं नव्हतं.

मॅडम आल्या तेव्हा देशमुखसाहेब पुढे होऊन दार उघडत होते. दार उघडलं आणि त्या दोन पावलं मागे गेल्या, तोंडावर रुमाल धरला. इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. तेवढं इंग्रजी मलाही कळलं. त्या म्हणाल्या, "माय गॉड, इथे काय मेलंय?"

 पास्कोल दाराबाहेर उभा होता. देशमुखसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते एकटेच आत आले, धुरात, आणि हात उंच करून स्टुलाच्या जाळीवरून बोट फिरवलं. तेल आणि काजळी त्यांच्या बोटाला लागली. ओठ हलत होते. ते मोजत होते हे मला कळलं. "आठ," ते मराठीत, अगदी हळू म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी मॅडमना सांगितलं की हा माल डॅमेज झालाय, वास कधीच जाणार नाही, गोदामात दुसरं दाखवतो. संध्याकाळी निघताना ते किचनच्या दाराशी थांबले. आत आले नाहीत. "ताई, ते तुमच्या किचनचं सामान आहे," ते म्हणाले. "असंच लिहिलंय मी." आणि थोडं थांबून, "माझा शर्ट आता बायको घरात घेईल का नाही, देव जाणे."

आता दर रविवारी शेरल फोन जोडून देते. पहिल्या फोनवर मी म्हाताऱ्याला सांगितलं की स्टूल इथेच आहे, कुणी नेलं नाही, कुणी बसलं नाही. शेरलने सांगितलं, बहिणीने सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मी त्याच्याकडे स्टूल मागितलं नव्हतं. मी खुर्चीवर बरा बसतो." हे सगळं फिरून माझ्यापर्यंत आलं तेव्हा मला पास्कोलचे शब्द आठवले, बाप को बेटा चाहिए के लकडी चाहिए.   मग पलीकडून म्हाताऱ्याचाच आवाज आला आणि बहिणीने विचारलं, "ते विचारतात, सुकलं का?"

मला काय कळणार त्यातलं? मी फोन फळीवर, स्टुलाच्या अगदी जवळ ठेवला आणि मार्सेल मारायचा तशी टिचकी मारली.  मग म्हाताऱ्याने एक शब्द उच्चारला. बहीण म्हणाली, ते म्हणतायत पुन्हा. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा. पुन्हा. तिकडे तो ऐकत होता, मुलाने कोरलेलं, त्याने कधी न पाहिलेलं लाकूड. शेवटी दुसराच एक शब्द म्हणाला. शेरलने सांगितलं, अजून नाही.

सुकलं की ते न्यायला माणूस आहे. चर्चमधली त्यांच्याकडची बाई सुट्टीवर जाणार आहे, स्टूल आणि बाटली घेऊन जाईल, इन्शाल्ला. वारस म्हणून आता कुणाला बसवायचं ते म्हाताऱ्याने अजून सांगितलेलं नाही. त्याला एकच मुलगा होता. बहीण सांगते की तो हल्ली फार कमी खातो. दर रविवारी त्याचा आवाज आदल्या रविवारपेक्षा बारीक असतो. मला दोन गोष्टींची भीती वाटते, एक म्हणजे तो कधीतरी "सुकलं" म्हणेल आणि मग त्याचं वाट बघणं संपेल याची, आणि दुसरी म्हणजे एखाद्या रविवारी फोन कुणी उचलणारच नाही याची. घाई करता येत नाही. आधी उतरवलं तर फुटेल.

आज पुन्हा फोन झाला. मी सकाळीच खोबरेल चोळून स्टूल थोडं फिरवून ठेवलं होतं. टिचकी मारली. आज आवाज मला जरा वेगळा वाटला, म्हणून दुसरी मारली आणि श्वास धरून उभी राहिले. तिकडे प्लास्टिकची खुर्ची करकरली, म्हातारा फोनजवळ सरकला असावा.  मग तो खोकला, खालून येणारा, ओळखीचा खोकला, आणि आता मला शेरलशिवाय कळणारा तो शब्द म्हणाला. अजून नाही.

मी फोन पास्कोलकडे दिला, बरणी उघडली आणि तव्याखाली गॅस पेटवला.